काकांची पॉलिसी, एआयजी आणि जामीन राहिलेला मोठा भाऊ

२००८ साली अनंत चतुर्दशी १४ सप्टेंबरला, रविवारी आली होती. आमच्या सोसायटीचा गणपती रात्री उशिरा गोदावरीवर गेला, सोमवारी सगळे अर्धवट झोपेत कामावर, आणि त्याच सोमवारी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स या बँकेनं दिवाळं काढलं. मी तेव्हा नाशिकला एका सीएकडे आर्टिकलशिप करत होते, ऑफिसात दिवसभर तोच विषय, पण घरी त्याचं कुणाला काही नव्हतं. बुधवारी सकाळी मात्र शेजारचे काका पॉलिसीची फाईल छातीशी धरून दारात उभे. टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती, एआयजी या तिथल्या मोठ्या विमा कंपनीला अमेरिकन सरकारचं ८५ अब्ज डॉलरचं कर्ज. काका एसटीतून रिटायर झालेले, मिळालेल्या पैशातले दोन लाख त्यांनी टाटा एआयजीच्या लाइफ पॉलिसीत घातले होते, आणि त्या पट्टीवरची तीन अक्षरं त्यांच्या पॉलिसीवरही होती.

"अगं, बुडाले का गं पैसे?" एवढंच विचारलं त्यांनी.

मी म्हटलं, काका, टाटा आहेत ना त्यात, काही होत नाही. काका चहा घेऊन शांतपणे घरी गेले. उत्तर बरोबर होतं, पैसे खरंच बुडाले नाहीत, पण मी दिलेलं कारण चुकीचं होतं आणि ते मला त्याच दिवशी टोचायला लागलं, कारण एवढी मोठी कंपनी, १३० देशांत धंदा, लाखाच्या वर माणसं कामाला, ताळेबंद एक लाख कोटी डॉलरच्या घरातला, ती जर दोन दिवसांत सरकारच्या दारात उभी राहते तर मोठ्या नावाचा आधार तो काय. मग मी जमेल तसं वाचत गेले, पुढे कामच इन्शुरन्स कंपन्यांच्या हिशोबाशी संबंधित मिळालं, आणि आज इतक्या वर्षांनी ते खरं कारण नीट लिहून काढावंसं वाटतंय.

आधी साधी गोष्ट. विमा कंपनीकडे पैसा आधी येतो आणि द्यायची वेळ नंतर येते, कधी वर्षानं, कधी तीस वर्षांनी. दुकानदाराचं उलट असतं, त्याला आधी माल भरावा लागतो. त्यामुळे विमा कंपनीच्या हातात कायम दुसऱ्याचा पैसा खेळत असतो आणि त्यातला आपला किती आणि लोकांचा किती हे कळायचा एकच मार्ग म्हणजे अंदाज. पुढे किती क्लेम येतील, जे अपघात घडलेत पण अजून कुणी कळवलेच नाहीत त्यांचे किती लागतील, या सगळ्याचा अॅक्च्युअरी, म्हणजे विम्याचं गणित मांडणारा तज्ज्ञ, अंदाज बांधतो आणि तेवढी रक्कम रिझर्व्ह म्हणून धरली जाते. अंदाज कमी धरला की नफा जास्त दिसतो, इतकं सरळ आहे ते. म्हणून रिझर्व्हच्या वर मालकांचं स्वतःचं भांडवल लागतं, अंदाज चुकला तर झळ आधी मालकाला बसावी म्हणून. नियमानं लागतं त्याच्या किती पट भांडवल कंपनीकडे आहे तो आकडा म्हणजे सॉल्व्हन्सी रेशो. आपल्याकडे आयआरडीएआय या विमा नियामकाचा नियम आहे की तो दीडच्या खाली जाऊ द्यायचा नाही.

आता एआयजी. ही एक कंपनी नव्हती, घराणं होतं. वर एक होल्डिंग कंपनी, म्हणजे बाकीच्यांची मालकी धरणारी, तिच्या खाली वेगवेगळ्या राज्यांत आणि देशांत शेकडो कंपन्या. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबासारखं समजा, पाच भाऊ, पाचांची पाच दुकानं, पाटी सगळीकडे एकाच आडनावाची. पण प्रत्येक दुकानाचा गल्ला वेगळा, आणि त्या गल्ल्यावर तिथल्या तिथल्या रेग्युलेटरचं कुलूप. न्यूयॉर्कच्या विमा कंपनीतला पैसा मालकाला वाटेल तसा उचलून दुसरीकडे नेता येत नाही, राज्याच्या विमा खात्याची परवानगी लागते. वरच्या होल्डिंगकडे स्वतःचं म्हणाल तर खालून येणारा डिव्हिडंड आणि आडनाव.

या घरात धाकटा भाऊ होता एआयजी फायनान्शियल प्रॉडक्ट्स. १९८७ मध्ये सुरू केलेलं युनिट, माणसं चारशेच्या आसपास, ऑफिसं कनेटिकट आणि लंडनला. ती विमा कंपनी नव्हतीच, त्यामुळे विमा खात्याचं कुलूप तिला लागू नव्हतं. ती विकत होती क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप. म्हणजे एखाद्या बँकेनं हजारो घरकर्जं एकत्र बांधून केलेला रोखा घेतलाय, तो बुडाला तर आम्ही भरून देऊ, त्याबदल्यात दरवर्षी थोडी फी द्या. अर्थानं हा विमाच झाला. पण कागदावर विमा नाही, म्हणून रिझर्व्ह धरायचं बंधन नाही. २००७ च्या अखेरीला असल्या हमीपत्रांचा एकूण आकडा ५०० अब्ज डॉलरच्या पुढे होता आणि त्यातले साधारण ७८ अब्ज त्या घरकर्जवाल्या गुंतागुंतीच्या रोख्यांवरचे. आणि या सगळ्या हमीला जामीन कोण, तर वरची होल्डिंग कंपनी, तिच्या रेटिंगच्या, म्हणजे बाजारातल्या पतीच्या, जोरावर. धाकट्यानं उधारी करायची आणि मोठ्यानं जामीनकीवर सही करायची असा तो प्रकार.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की विम्याचं गणित कशावर चालतं ते त्या लोकांनी सोडून दिलं होतं. नाशिकमधल्या गोडाऊनला आग लागली म्हणून रत्नागिरीतलं गोडाऊन पेटत नाही, म्हणून दोघांचा विमा एका कंपनीला परवडतो. एक माणूस अकाली गेला म्हणून शंभर जण जात नाहीत. पण घरांच्या किमती एकदम सगळीकडे पडू शकतात, आणि अमेरिकेत तेच झालं, कॅलिफोर्नियात पडल्या तशा फ्लोरिडात पडल्या, आणि ज्या हजारो कर्जांचा गठ्ठा "वेगवेगळ्या ठिकाणचा आहे म्हणून सुरक्षित" असं म्हटलं जात होतं तो सगळा एकाच दिशेला कलंडला. त्यांना हे अजिबात कळलं नव्हतं असंही नाही. २००५ च्या अखेरीला त्यांनी नवीन सबप्राइम, म्हणजे कच्च्या पतीच्या लोकांना दिलेली घरकर्जं, घेणं थांबवायचं ठरवलं होतं. पण आधी दिलेल्या हमी तशाच राहिल्या, त्यांचं काय करायचं हे ठरलंच नाही.

आणि दुसरी गोष्ट, एआयजी क्लेम देऊन देऊन खचली नाही, तिची रोकड संपली. करारात लिहिलेलं होतं की ज्यावर हमी आहे त्या रोख्याची बाजारातली किंमत पडली, किंवा आमचं स्वतःचं रेटिंग घसरलं, तर आम्ही रोख तारण ठेवू. म्हणजे रोखा प्रत्यक्ष बुडायच्या आधीच पैसे मागायचा हक्क समोरच्याला. जुलै २००७ मध्ये गोल्डमन सॅक्स या बँकेनं १.८ अब्ज डॉलरचं तारण मागितलं तेव्हा भांडणं झाली, किंमत किती पडलीय यावर दोघांचं एकमत होईना, ऑगस्टमध्ये ४५ कोटी डॉलर देऊन तात्पुरतं मिटवलं. मग मागण्या वाढतच गेल्या. १५ सप्टेंबर २००८ ला संध्याकाळी तिन्ही रेटिंग एजन्सींनी रेटिंग खाली आणलं आणि करारांप्रमाणे आणखी अब्जावधी एका दमात देय झाले. होल्डिंगकडे तेवढी रोकड नाही, खालच्या गल्ल्यांना कुलूप, बँका कर्ज देईनात. दुसऱ्या दिवशी रात्री फेडनं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, ८५ अब्ज दिले आणि बदल्यात ७९.९ टक्के मालकी घेतली.

पुष्कळ ठिकाणी असं लिहिलेलं सापडतं की विमा कंपन्या एकदम स्वच्छ होत्या आणि फक्त एका युनिटनं घात केला. मला हे अर्धंच खरं वाटतं. अमेरिकेतल्या त्यांच्या लाइफ कंपन्या स्वतःकडचे चांगले बाँड थोड्या काळासाठी उसने द्यायच्या, त्याबदल्यात रोख यायची, आणि ती रोख त्याच घरकर्जाच्या रोख्यांत गुंतवली जायची. समोरचा उद्या बाँड परत देऊन पैसे मागू शकतो आणि तुमचा पैसा मात्र वर्षानुवर्षं अडकलेला. सप्टेंबर २००८ मध्ये सगळे एकदमच मागायला आले. त्यामुळे कुलूप असलेल्या गल्ल्यातही उंदीर शिरला होताच, आणि पुढे तो भाग निस्तरायला फेडला वेगळी व्यवस्था उभी करावी लागली.

यावर लक्ष कुणाचं होतं? ग्रुपच्या मालकीची एक छोटीशी सेव्हिंग्ज बँक होती, त्यामुळे सगळ्या ग्रुपवर देखरेख करायची जबाबदारी अमेरिकेच्या ऑफिस ऑफ थ्रिफ्ट सुपरव्हिजनकडे, ज्यांचं मूळ काम लहान लहान गृहकर्ज संस्था तपासायचं. राज्यांची विमा खाती आपापल्या कंपनीपुरतं बघणार. पूर्ण घराकडे एकत्र बघणारा, सगळ्या जामीनक्यांची बेरीज करणारा कुणी नव्हता.

बाहेरचं सोडा, आतलं तर जास्त वाईट. मॉरिस ग्रीनबर्ग यांनी जवळजवळ चार दशकं एआयजी चालवली, सगळं त्यांच्या हातात, आणि मार्च २००५ मध्ये हिशोबातल्या गडबडीच्या चौकशीत त्यांना जावं लागलं. त्या चौकशीतलं एक प्रकरण आमच्या धंद्यातल्या माणसांनी कधी विसरू नये असं आहे: जनरल री या कंपनीबरोबर रिइन्शुरन्सचे, म्हणजे विमा कंपनीनं स्वतःच्या जोखमीचा विमा काढायचे, असे व्यवहार केले ज्यात खरी जोखीम कुणी घेतलीच नव्हती, आणि त्यातून एआयजीचा रिझर्व्ह ५० कोटी डॉलरनं वाढलेला दाखवला. विश्लेषक रिझर्व्ह कमी आहे म्हणून ओरडत होते, तर कागदावर तो वाढवून दिला. ग्रीनबर्ग गेल्यावर ट्रिपल ए हे सगळ्यात वरचं रेटिंगही गेलं. आणि ज्या फायनान्शियल प्रॉडक्ट्सचा सगळा धंदा त्या ट्रिपल एवर उभा होता, तो तसाच चालू राहिला.

त्या युनिटचा प्रमुख जोसेफ कसानो. तिथे जोसेफ सेंट डेनिस नावाचा माणूस अकाउंटिंग पॉलिसी बघायला घेतलेला, म्हणजे प्रश्न विचारणं हेच त्याचं काम. तो ऑक्टोबर २००७ मध्ये राजीनामा देऊन गेला आणि वर्षभरानं त्यानं अमेरिकन काँग्रेसच्या समितीला लिहून कळवलं की या रोख्यांच्या मूल्यांकनापासून कसानोनं मला मुद्दाम लांब ठेवलं. नोव्हेंबर २००७ च्या शेवटी ऑडिटरनं वरिष्ठांना सांगितलं की मूल्यांकनाच्या कंट्रोलमध्ये गंभीर कमतरता असू शकते. त्यानंतर आठवडाभरात, ५ डिसेंबरला, गुंतवणूकदारांची बैठक झाली आणि त्यात काळजीचं कारण नाही असाच सूर लावला गेला. लोकांना ती कमतरता कळली फेब्रुवारी २००८ मध्ये. मी ऑडिटमध्ये काम केलंय, आकडा चुकणं मी समजू शकते, अंदाज चुकतातच. पण ज्यानं "थांबा, हे दाखवा" म्हणायचं त्यालाच खोलीबाहेर ठेवायचं, हे वाचून मला आजही संताप येतो, कारण त्या क्षणापासून चूक सापडायची वाटच बंद होते.

२००८ च्या एका वर्षात तोटा ९९ अब्ज डॉलरच्या वर, सरकारी मदतीचा एकूण आकडा १८२ अब्जांपर्यंत गेला. पुढे त्यांनी घरातल्या चांगल्या चांगल्या वस्तू विकल्या, आशियातली एआयए हाँगकाँगच्या शेअर बाजारात आणली, अॅलिको ही लाइफ कंपनी मेटलाइफला दिली, आणि डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकन सरकारनं शेवटचे शेअर विकून टाकले, सगळा हिशोब धरून सरकारला साधारण २३ अब्जांचा फायदाच झाला. फायदा झाला म्हणून मूळ प्रकार माफ होत नाही, पण सरकारचा पैसा वाचला हेही खरं.

आता काकांची पॉलिसी. ती कशामुळे वाचली? काकांचा करार एआयजीशी नव्हताच. तो होता भारतात नोंदलेल्या, भारतात लायसन्स घेतलेल्या एका वेगळ्या कंपनीशी, जिच्यात तेव्हाच्या कायद्याप्रमाणे परदेशी भागीदाराला २६ टक्क्यांच्या वर जाताच येत नव्हतं, ७४ टक्के टाटांचे. त्या कंपनीचं भांडवल वेगळं, अॅक्च्युअरी वेगळा, सॉल्व्हन्सी वेगळी. आणि आपल्या १९३८ च्या विमा कायद्यात स्पष्ट आहे की पॉलिसीधारकांचा पैसा भारताबाहेर गुंतवता येत नाही, ना थेट, ना आडमार्गानं. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये जामीनकीचा डोंगर कोसळला तरी मुंबईतल्या गल्ल्यातला रुपया तिकडे न्यायची सोयच नव्हती. भागीदार बदलला, एआयएनं ती जागा घेतली, कंपनीचं नाव टाटा एआयए झालं, आणि काकांचे दोन लाख जिथे होते तिथेच राहिले. टाटा आहेत म्हणून नव्हे, गल्ला वेगळा होता आणि कुलपाची किल्ली घरच्यांकडे नव्हती म्हणून.

हे कायदे आपल्याकडे उगाच आले नाहीत. १९ जानेवारी १९५६ ला आपले सी. डी. देशमुख अर्थमंत्री म्हणून रेडिओवर बोलले आणि आयुर्विमा सरकारनं ताब्यात घेतल्याचं सांगितलं, देशी-परदेशी मिळून २४५ संस्था. त्यामागचं एक मोठं कारण हेच की कित्येक मालक विमाधारकांचा पैसा आपल्याच इतर धंद्यांकडे वळवत होते. १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली, तोवर देशमुख मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले होते. आणि वर्षही नीट झालं नाही तोच जून १९५७ मध्ये एलआयसीनं हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले, त्यात आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडासही होती. एलआयसीची गुंतवणूक समिती होती, अशा व्यवहारावर तिचं मत घ्यायचं असतं. घेतलं नाही. सौदा आधी, समितीला कळवणं नंतर. फिरोज गांधींनी डिसेंबरमध्ये लोकसभेत विषय काढला, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली, महिनाभरात काम उरकून फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल दिला, आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी गेले. मालक खाजगी असो की सरकार, "नाही" म्हणू शकणाऱ्या माणसाला वळसा घातला की तेच होतं, पन्नास वर्षांनी अमेरिकेत झालं ते तरी वेगळं काय होतं.

एलआयसीच्या पॉलिसीला कायद्यातच सरकारची हमी आहे, कलम ३७, त्यामुळे तिथे प्रश्न वेगळा. पण जनरल इन्शुरन्सवाल्या सरकारी कंपन्यांचं बघा. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तिघींमध्ये सरकारनं २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत मिळून १७,४५० कोटी घातले, आणि तरी मार्च २०२४ अखेर तिघींची सॉल्व्हन्सी दीड तर सोडाच, शून्याच्याही खाली होती. त्याच घरातली चौथी, मुंबईची न्यू इंडिया, दीडच्या वर. वर्षानुवर्षं ग्रुप मेडिक्लेम तोट्यात लिहायचं, धंदा आणला म्हणून कौतुक व्हायचं, आणि खड्डा भरायला करदाते. पाटीवर "सरकारी" लिहिलेलं असलं की आपण पुढचं वाचत नाही, जसं मी तेव्हा "टाटा" वाचून थांबले होते.

आणि हे वाचायला फार लागत नाही हो. प्रत्येक विमा कंपनीला तिच्या वेबसाइटवर दर तिमाहीला पब्लिक डिस्क्लोजर टाकावं लागतं. इंग्रजीत असतं, फॉर्म रटाळ असतात, पण त्यात सॉल्व्हन्सीचा तक्ता असतो, क्लेम किती आले किती दिले ते असतं, संचालक कोण ते असतं. एका तिमाहीचा आकडा बघून काही कळत नाही, तीन-चार वर्षांचे मार्चचे आकडे शेजारी शेजारी मांडा. २.२ वरून १.६ वर येणारी कंपनी आणि १.५५ वरून १.७ वर जाणारी कंपनी यांत मला दुसरी बरी वाटते, हे माझं मत. आणि पॉलिसीवर मोठ्या अक्षरातल्या ग्रुपच्या नावापेक्षा खाली बारीक अक्षरात ज्या कंपनीचं पूर्ण नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर असतो ते बघा, क्लेम तिच्याकडून यायचाय.

काका २०१९ मध्ये गेले. पॉलिसीचे पैसे त्याआधीच मुदत संपल्यावर मिळाले होते, त्यातून त्यांनी गॅलरीला ग्रिल करून घेतलं. गेल्या महिन्यात काकू त्यांच्या मेडिक्लेमच्या रिन्यूअलचा कागद घेऊन आल्या, हप्ता वाढलाय, एजंट दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा म्हणतोय, काय करू गं. या वेळी मी लगेच काही बोलले नाही. आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसलो, दोन्ही कंपन्यांचे चार वर्षांचे आकडे काढले, मध्येच काकूंनी विचारलं की हा आकडा खोटा लिहिला तर, मग मी त्यांना अपॉइंटेड अॅक्च्युअरी म्हणजे कोण, त्याची सही का लागते, ऑडिटर काय करतो, हे सगळं सांगत बसले, त्यात तास गेला. शेवटी काकूंनी आहे त्याच कंपनीत राहायचं ठरवलं. काकांच्याच जुन्या फाईलच्या कव्हरवर त्यांनी पेन्सिलीनं चारही आकडे एकाखाली एक लिहिले, आणि पुढच्या मार्चसाठी खाली एक ओळ मोकळी सोडली.